चूलबंद आवतण आणि शिडाची होडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण किस्सा संपेस्तोवर तुम्ही सगळे माझ्या बायकोच्या बाजूला गेलेले असाल. आजवर ज्याला ज्याला सांगितला तो गेलाय. चहा ओतलाय, घ्या, आणि ऐका.

माझं हिंगोलीत मोटारी बांधायचं दुकान आहे. मोटार म्हणजे गाडी नव्हे हो, विहिरीवरची, बोअरची; जळाली की तिची तार नव्यानं गुंडाळून द्यायची. दिवाळी झाली की रब्बीला पाणी द्यायची घाई, लाइटीचा भरवसा नाही, आणि मोटारी धडाधड जळतात. त्या जळाल्या की माझं दुकान चालतं. लोकांच्या नुकसानीवर आपलं पोट, म्हणून मी सगळ्यांशी जरा जास्तच गोड बोलतो. आलेल्याला चहा, पाणी, ‘घरी या की’, ‘जेवूनच जा’. सुभाषसारखा दिलदार माणूस अख्ख्या बाजारात नाही, असं लोक म्हणतात. मलाही ते पटायचं.

आता जेवूनच जा म्हटलेल्या त्या माणसासाठी भाकरी कोण थापतं? मंगल, माझी बायको. ती आधीच रोज सकाळी क्लासच्या पोरांचे बावीस डबे करते. मग घरचं. मग मी बोलावलेले. म्हणजे दिलदारी माझी आणि तवा तिचा! हे मला एकोणीस वर्षं दिसलं नाही.

तर झालं असं. आमच्या गावातल्या तलावात बोटिंग सुरू झालं. पायडलच्या चार बोटी, बदकाच्या तोंडाच्या. आणि एक चक्क शिडाची होडी! कोकणातला एक होडीवाला ती घेऊन आला होता. आमच्या हिंगोलीत शीड कुणी पाहिलंय? पहिल्या दिवशी तर काही जणांना वाटलं, कुणीतरी पाण्यात मंडप टाकतंय.

मंगल भाजी घेऊन त्या रस्त्यानं यायची. एक दिवस घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “ओ, मला त्या शिडाच्या होडीत बसायचंय.”

मी पानावर बसलो होतो. घास हातातच राहिला. एकोणीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवेना.

“आपुन चौघंच,” ती म्हणाली. “तुमी, मी, श्रावणी अन् ओम. पाचवं माणूस नको. डब्यावाल्या पोरायला सुट्टी देते. त्या दिशी मी चूल पेटवणार न्हाई, कोणाला वाढणार न्हाई. भूक लागली तर भेळ खाऊ.”

“एवढंच ना? झालं समज!” मी म्हणालो.

तुम्हीच सांगा, यात चुकण्यासारखं काय होतं? चार माणसं, एक होडी, एक रविवार. पण मी म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी दुकानातून होडीवाल्याला फोन लावला. रविवार, सकाळी अकरा, चौघं. होडीत जागाही चारच, पाचवा तो स्वतः. फोन ठेवून मागं वळलो तर दारात तात्या उभे. तात्या म्हणजे माझे सगळ्यात थोरले चुलते. राहतात गावाकडं, साखऱ्याला. जळालेली मोटार घेऊन आले होते आणि सगळं ऐकलं होतं.

“काय रे सुभाष, कायचं बुकिंग करून राहिला?”

सांगितलं. तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“बरं हाय,” म्हणाले. “जा तुमी. लेकरायला फिरवावं.”

बस, एवढंच! पण ते ‘बरं हाय’ माझ्या काळजात जाऊन बसलं. वडलांच्या माघारी ज्यांनी मला शिकवलं, शहरात दुकान टाकून दिलं, त्या माणसासमोर मी एकटा मजा मारायला चाललो होतो. तोंडातून निघून गेलं, “तुमी बी या की तात्या.”

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. पहिल्या ‘या’ला माणूस ‘न्हाई रे’ म्हणतो. बोलावणाऱ्यानं तिथं थांबायचं असतं. दोघांचाही मान राहतो आणि कुणीही कुठंही जात नाही. तात्या बिचारे रीतीनंच वागले. “न्हाई रे, आमी कुठं,” म्हणाले. मी थांबायला हवं होतं की नाही? पण छे! मी म्हणालो, “असं कसं? यावंच लागंल.” तात्या म्हणाले, “कशाला तकलीफ?” आणि मी, गोड बोलायच्या सवयीत वाहवत गेलेला मी, छातीवर हात ठेवून म्हणालो, “तकलीफ कसली तात्या! त्या दिशी घरी चूल पेटवूच नका.”

हे चूल न पेटवणं म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे एकट्यादुकट्याला जेवायला बोलावतात ते वेगळं. आणि चूलबंद आवतण वेगळं. चूलबंद म्हणजे तुमच्या घरातलं झाडून सगळं माणूस, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत, त्या दिवशी आमच्याकडे जेवणार. तुमच्या घरी धूर निघता कामा नये. लग्नात देतात हे आवतण. आणि मी ते एका होडीसाठी दिलं होतं.

तात्या गेले. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून युनूसभाई आले. आमची वीस वर्षांची शेजारदारी. त्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं.

“सुभाष, भाभी कू बोला क्या?”

“बोलतो ना.”

“आजच बोल. बाद में लई महंगा पडेगा.”

आज बोललो नाही. उद्याही नाही. रोज संध्याकाळी ठरवून जायचो आणि घरी गेलं की मंगल काहीतरी वेगळंच करत असायची. एकदा ती श्रावणीच्या मोबाइलवर शीड कसं चढवतात ते बघत होती. एकदा कपाटातून लिंबाच्या रंगाचा ड्रेस काढून इस्त्री करत होती. सांगायचं कसं? मी मुकाट्यानं जेवायचो आणि भाजी फार छान झालीय म्हणायचो. भाजी रोजचीच असायची.

शुक्रवारी शेवटी गाडी काढली आणि साखऱ्याला गेलो. ठरवलं होतं, तात्यांच्या पाया पडायचं आणि आवतण मागं घ्यायचं. काहीतरी कारण सांगू. होडी फुटली म्हणू.

तात्या शेतात होते. घरी काकू. सत्तरीची बाई, ओसरीवर बसून लुगडं घडी करत होती. मला पाहून इतकी हसली की मला दारातच घाम फुटला.

“ये रे लेकरा! हे लुगडं बघ, हे नेसू का रविवारी? पान्यात रंग तर नाही जायचा?”

“काकू, मी काय म्हणतो...”

“मला आजवर कोणी कुठं बोलावलं न्हाई, सुभाष. लोक तात्याला बोलावत्यात, मी मागून जाते अन् त्यायच्या सैपाकघरात बसते. तू चूलबंद म्हणलास. म्या म्हणलं, एक दिस तरी राखंत हात घालायचा न्हाई. रात्री झोप न्हाई आली बघ मला.”

आता सांगा, अशा बाईला होडी फुटली म्हणून सांगाल तुम्ही? मी चहा प्यालो आणि परत आलो. येताना फाट्यावर गाडी थांबवली. मला पहिल्यांदाच काहीतरी टोचलं. काकूला जे हवं होतं तेच मंगलला हवं होतं, अगदी तेच. आणि ते एकीला देताना मी दुसरीकडून काढून घेतलं होतं, तिला न विचारता.

पण टोचलं म्हणून माणूस सुधारतो का? मी त्यावर तोड काढली. तात्यांच्या घरात माणसं नऊ. पोह्याच्या गाड्यावर पंधरा प्लेटा सांगून ठेवल्या. मंगलला म्हणायचं, अगं योगायोग बघ, तात्या पण आलेत! अशी ही माझी अक्कल.

रविवार उजाडला. सकाळी दहाला आम्ही चौघं तलावावर. मंगलनं तो लिंबाच्या रंगाचा ड्रेस घातलेला, केस मोकळे. हातात पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. रिकामे हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. शेवटी तिनं ते मागं बांधले आणि काठाकाठानं चालायला लागली. वारा चांगला होता. शिडाचं कापड फडफडत होतं. ती मला म्हणाली, “लई बरं वाटून राहिलं.”

त्याच वेळी रस्त्यावर पिकअप थांबली.

मागचं फळकूट पडलं आणि माणसं उतरायला लागली. आधी तात्या. मग काकू, धाकटी सून नंदा, बाकीचं घर. नऊ झाली. दहावा उतरला. अकरावा. माझ्या लक्षात येईना, ही कोण मंडळी? मग आलं. तात्या थोरले! थोरल्याला दिलेलं आवतण म्हणजे अख्ख्या भावकीला दिलेलं आवतण. हे मला लहानपणापासून माहीत आहे. फक्त त्या दिवशी दुकानात आठवलं नव्हतं. पाच घरं आली होती. मी मोजली, सदतीस माणसं. आणि एकाही घरात चूल पेटलेली नव्हती, म्हणजे सकाळपासून सगळे उपाशी! लेकरं तर उतरली तीच रडत.

तात्या सरळ मंगलसमोर आले. “सूनबाई, तुमच्या सांगण्यापरमानं बराबर चूल बंद ठिवली बरं का. चहा सुदीक केला न्हाई.”

मंगलनं आधी डोक्यावर ओढणी घेतली, मग वाकून पाया पडली, मग माझ्याकडं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं हळू आवाजात विचारलं, “तुमी चूलबंद सांगितलं?”

मी मान हलवली.

“कव्हा?”

“सोमवारी.”

“अन् मला?”

मी म्हणालो, “पंधरा प्लेट पोहे सांगितलेत.”

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. चूलबंदाला पोहे! तेही सदतीस माणसांत पंधरा प्लेट!

मंगलनं केस गोळा केले, घट्ट बांधले. ओढणी कमरेला खोचली. “श्रावणी, चल. घरी जाऊन पिठलं-भाकरी करू. दीड तास लागंल. तवर लेकरायला पोहे द्या.” चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. हिशोब सुरू झाला होता, पीठ किती, बेसन किती, परात कुणाची आणायची. पाच मिनिटांपूर्वी काठाकाठानं चालणारी बाई कुठं गेली ते कळलंच नाही. मला त्या क्षणी खूप वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, थोडं हायसंही वाटलं, की चला, आता निभावेल. असा माणूस आहे मी.

तेवढ्यात होडीवाल्यानं हाक मारली, “अकराचे चौघं कोण? वारा आहे तोवर बसा. वारा पडला तर माझा इलाज नाही.”

मंगल थबकली. होडीकडं पाहिलं नाही, पण थबकली. ते काकूनं पाहिलं.

“मंगल, कुठं चालली गं?”

“सैपाकाला, काकू.”

“काहून?” काकू पुढं आली. “चूलबंद म्हणला ना ह्यो? चूलबंद म्हंजे आपल्या भावकीची चूल बंद. तू काय भावकीच्या भाईर हायेस? तुझी बी बंद.”

तात्या म्हणाले, “अगं पण मंग आमी खायाचं काय?”

“ज्यानं आवतण देलं त्याला इचारा,” काकू म्हणाली आणि मंगलचा हात धरून होडीकडं निघाली. दुसऱ्या हातानं तिनं नंदाला ओढलं. श्रावणी आपोआप मागं. ओम केव्हाच भावंडांबरोबर बदकाच्या बोटीत जाऊन बसला होता. झाले चौघं! काकूनं लुगड्यावर नारंगी जाकीट उलटं चढवलं, होडीवाल्यानं ते सुलटं केलं, आणि होडी सुटली.

मी काठावर, समोर पस्तीस उपाशी माणसं.

युनूसभाईंना फोन लावला. “मैं क्या बोला था?” एवढंच म्हणाले. अर्ध्या तासात मोठी देगची, शेगडी, तांदूळ, डाळ घेऊन हजर. त्यांच्या घरी कार्यक्रमाची ती देगची असते. “मेरे कू पकाना नहीं आता, हां,” म्हणाले. मलाही येत नव्हतं. तात्यांना तर चहाचा गॅसही लावता येत नव्हता. आम्ही तिघं त्या देगचीभोवती उभे राहिलो. खिचडीला पाणी किती? कुणालाच माहीत नाही! बायकांना विचारावं तर काकूनं उरलेल्या सगळ्या सुनांना दम देऊन ठेवला होता. त्या झाडाखाली पाय पसरून बसल्या होत्या आणि आमच्याकडं बघून तोंडाला पदर लावत होत्या.

तुम्हाला सांगतो, जळालेल्या मोटारीचा वास मी दुकानाच्या बाहेरून ओळखतो. पण खिचडी जळत होती आणि मला वाटलं, मसाला चांगला बसतोय! खालून कोळसा, वरून कच्चा तांदूळ, मधे जे काही होतं ते सदतीसांतल्या लेकरांनी खाल्लं. मोठ्यांनी मान म्हणून घेतलं. एक चुलतभाऊ म्हणाला, “वहिनीच्या हातची चव न्हाई.” मी घाम पुसत वाढत होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं. हे तर मी एकदाच करतोय. ती रोज करते, आणि मी बोलावलेल्या माणसांसाठी हसून करते. तिला कधी म्हटलं का मी, की बस, तू पण जेव?

आणि होडी? ती तलावाच्या मधोमध उभी होती. वारा पडला होता. शीड लोंबकळत होतं. दीड तास झाला. मग दोन तास झाले. होडीवाल्याजवळ वल्हं असतं, वारा पडला की मारत यायचं. पण नंतर त्यानं सांगितलं, त्यानं वल्हं उचललं की काकू म्हणायची, “ठिव ते खाली. घाई काहून करून राहिला?” पाण्यावरून हसण्याचा आवाज येत होता. मी कान देऊन ऐकलं. त्यातला मंगलचा कोणता ते ओळखायला मला वेळ लागला. एवढ्यांदा हसताना मी तिला शेवटचं कधी ऐकलं होतं, आठवेना.

मला राहवेना. एका ताटात त्यातल्या त्यात बरी खिचडी काढली आणि पायडलच्या बोटीत बसलो. तात्या म्हणाले, “मी बी येतो. म्हातारी दोन घंट्यापासून तिकडंच हाय.”

पायडल मी मारायचं आणि बोट वळवायचा दांडा तात्यांनी धरायचा असं ठरलं. तात्यांनी तो दांडा बैलाच्या कासऱ्यासारखा धरला आणि सारखा आपल्या बाजूला ओढला. आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. एकदा नाही, तीनदा! काठावर अख्खी भावकी, तलावाच्या मधे बायका, आणि आम्ही काका-पुतणे बदकात बसून गरगर फिरतोय. माझ्या मांडीवर खिचडीचं ताट. झाडाखालच्या सुनांनी आता पदरही लावणं सोडलं होतं.

कसेबसे होडीजवळ पोचलो. मंगलचे केस परत मोकळे झाले होते. पाय पाण्यात सोडले होते. मी ताट पुढं केलं.

“मंगल, चुकलं माझं,” मी म्हणालो. तात्यांसमोर, काकूसमोर, पोरीसमोर म्हणालो. “तुला इचारल्याबिगर यापुढं कोणाला या म्हणणार न्हाई.”

तिनं ताट घेतलं. चौघींनी एकेक घास खाल्ला. नंदानं घास हळूच पाण्यात सोडला. मासेही वर आले नाहीत.

“मीठ राहिलं,” मंगल म्हणाली. पण आवाज नरम होता. मला तेवढ्यानंही धीर आला.

“पुढच्या रईवारी परत यायचं मला,” ती म्हणाली.

“येऊ की! पक्कं! आपुन चौघंच. कोणाला पत्ता लागू देत न्हाई.”

“चौघंच,” ती म्हणाली. “मी, काकू, नंदा अन् श्रावणी. आमचं ठरलंय.”

मी विचारलं, “अन् मी?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि अगदी मायेनं म्हणाली, “तुमी या की. पण होडीत जागा चारच हाय.”

तात्यांनी दांडा ओढला, बोट काठाकडं वळवली आणि म्हणाले, “मार पायडल, सुभाष. आपल्याला हितं बोलावलं कोणी?”